कागद नाही तर नाव नाही

८ सप्टेंबर, रविवार

हजेरी एकोणीस, ऑर्गन वाजवणारा धरून.

उपासना संपल्यावर फीबीबाईंनी मला दाराशीच गाठलं. या आमच्या नव्या पाद्री, जूनमध्ये आल्या. बाकीचे त्यांना 'मदर फीबी' म्हणतात. माझ्या निम्म्या वयाच्या बाईला मी आई म्हणणार नाही. बाई म्हणतो, त्यांना चालतं.

बिशपांचं पत्र आलंय. जानेवारीच्या वार्षिक सभेपर्यंत मंडळी वाढली नाही, तर आमच्या सेंट हिल्डा चर्चचं दार बंद करून आम्हाला नदीपलीकडच्या चर्चला जोडून टाकतील. नदीपलीकडे उपासनेत गिटार वाजवतात.

"म्हणून नव्या लोकांच्या स्वागताचं काम मी तुमच्याकडे देतेय," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडेच का?"

"कारण दारात तुम्ही असता, आल्डन. आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसता ते तुम्हीच."

एकतीस वर्षं मी त्या दारात उभा आहे. कोणाच्या तरी ध्यानात आलं, बरं वाटलं. घरी येऊन कॉर्नेलियाला फोन केला. ती वेदीची फुलं, मेणबत्त्या, कापडं बघते, आणि सेंट हिल्डात माझ्याहून जुनं असं तेवढंच माणूस उरलंय. बातमी ऐकून ती इतका वेळ हसत राहिली की शेवटी मी फोन ठेवला.

१५ सप्टेंबर, रविवार

हजेरी तेवीस. चार नवे. दक्षिण सुदानचे आहेत. जुन्या कापडगिरणीत आता फ्लॅट काढलेत तिथे राहतात. तीन बायका आणि एक आंधळा म्हातारा. बायकांच्या डोक्याला पांढरे रुमाल.

मी नियमाप्रमाणे प्रार्थनापुस्तकं दिली. पान उघडून दिलं, बोट ठेवून दाखवलं. त्यांच्यातली मोठी, पन्नाशीची, उंच, रुंद खांद्यांची, तिने पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"पान नको मला."

"मग कुठे काय म्हणायचं ते कळणार कसं?"

"तुमच्याआधी म्हणून होईल माझं."

आणि ही बाई सरळ चालत गेली ती दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या कडेला. हेझलच्या जागेवर. हेझल जाऊन दीड वर्ष झालं, तिथे कोणी बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मी मागोमाग गेलो. म्हटलं, "इथे माझी बायको बसायची."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि गुडघे टेकून प्रार्थना करायला लागली.

माहीत आहे म्हणे! गावात पाऊल टाकून चार दिवस झाले नसतील. उद्धटपणा करायचाच तर जरा खरा वाटेल असा तरी करावा.

मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, चौघांनीही पुस्तकाशिवाय म्हटला. येशूचं नाव आलं की माना लववत होते. कॉर्नेलिया म्हणते, पाठांतर काय, पोपटही करतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

स्वागताची पहिली बैठक. बाईंची यादी लांबलचक: कपड्यावर नावाच्या चिकटपट्ट्या, उपासनेनंतर कॉफी घेताना नव्या माणसाला एकटं न सोडणं, पहिल्या महिन्यात कोणीतरी ताजा पाव घेऊन त्याच्या घरी जाणं. मी म्हटलं, एवढी धावपळ कशाला? माणसाला यायचं असलं की तो येतो.

"तुम्ही इथे नवे होतात तेव्हा तुमचं स्वागत कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी जे झालं ते सांगितलं. १९७८ साली मी जमीनमोजणीच्या नोकरीवर या गावात आलो, एकटा. तीन वर्षं एकही रविवार चुकवला नाही, आणि तीन वर्षांत मला कोणी नाव विचारलं नाही. कॉफीच्या वेळी मी भिंतीवरच्या जुन्या पाद्र्यांच्या तसबिरी वाचत उभा राहायचो. चौदा तसबिरी. अजून क्रमाने म्हणून दाखवतो. चौथ्या वर्षी हेझल कप घेऊन आली आणि म्हणाली, "त्या भिंतीत तुमचं काही हरवलंय का?"

"म्हणून तर मी टिकलो," मी बाईंना म्हटलं. "जो टिकतो तो आपला."

बाईंनी त्यांची यादी घडी घालून ठेवली. मग माझ्या कोपरावर हात ठेवला. मला ते आवडत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

हजेरी चौतीस. त्यातले पंधरा सुदानी.

पावणेनऊला पोचलो तर हेझलच्या जागेवर बसणारी ती बाई माझ्या आधी दारात. हातात आजच्या उपासनेच्या पत्रिका. चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत तबिथा मलुअल. तिची माणसं तिला 'मामा तबिथा' म्हणतात, आणि ती म्हणाली की निर्वासितांच्या छावणीत चार हजार माणसांच्या उपासनेला दार तिच्याकडे असायचं.

"गेल्या रविवारी वाचन चालू असताना तुम्ही त्या लाल कोटवालीला आत सोडलंत," ती मला म्हणाली.

"तिला गुडघेदुखी आहे."

"मग लवकर निघावं. वचन वाचतात तेव्हा दारवाल्याने दार बंद ठेवायचं असतं. तुम्हाला शिकवलं नाही कोणी?"

मला! नियम तोच आहे हे खरं. मीच तो पूर्वी कडक पाळायचो, हल्ली हल्ली सैल पडलोय. पण ते मी तिच्याकडून का ऐकून घ्यावं?

नंतर कॉफीच्या वेळी तिने माझ्यापुढे कप ठेवला. बिनदुधाची, दोन चमचे साखर. मी काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मी दूध घालून पितो. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी खोटं बोलताना सापडलोय. बोलत होतोच, पण तिला ते कळायचं कारण नव्हतं.

२० ऑक्टोबर, रविवार

आज भडका उडाला.

प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षारस देत असताना त्यांनी त्यांच्या भाषेत गाणं धरलं आणि बाकाखालून एक ढोलकं निघालं. हातभर लांबीचं, कातड्याचं. कॉर्नेलिया वेदीजवळून उठली आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेली. ऐंशी वर्षांची बाई, काठी आपटत. नंतर हॉलमध्ये तिने तबिथाला गाठलं.

"आमच्याकडे प्रभुभोजनाला ढोल वाजत नाहीत."

"वाजत नाहीत म्हणून तर एकोणीस उरलात."

"आम्ही इथे दोनशे वर्षं आहोत, बाई."

"दिसतंच आहे. सगळ्यांना पेंग आलीय."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "पाहुण्याने यजमानाला अक्कल शिकवू नये."

"यजमान कोण? तुम्ही?" ती माझ्याकडे वळली. "बाहेर पाटीवर लिहिलंय, आपलं स्वागत आहे. वाचलीय कधी ती पाटी?"

"वाचायची काय गरज? मीच उभारलीय ती. साडेचार फूट खड्डा खणलाय, थंडीत जमीन गोठून फुगली तरी हलायची नाही."

"मग खड्डाच खणलात तुम्ही. पाटी दुसऱ्या कोणी लिहिली असणार."

फीबीबाईंनी लिंबाच्या वड्यांचं ताट आमच्या तिघांच्या मध्ये आणून धरलं. कोणीही वडी घेतली नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बाईंनी आज मला पाव देऊन तबिथाच्या घरी पाठवलं. म्हणाल्या, स्वागताचे प्रमुख तुम्ही आहात, तुम्हीच गेलं पाहिजे. मी सोबत नव्या माणसांकडून भरून घ्यायचा माहितीचा अर्जही नेला, म्हणजे फेरी अगदीच फुकट जायला नको.

तिसरा मजला. घर स्वच्छ, भिंतीवर लाकडी क्रूस. तो आंधळा म्हातारा खिडकीत बसला होता, तो तिचा सासरा याकोबो. पूर्वी गावोगाव फिरून लोकांना बाप्तिस्म्याची तयारी करून द्यायचा. तिने पातळ भाकरीसारखं काहीतरी आणि भेंडीचं कालवण पुढे ठेवलं. मी भेंडी खात नाही, पण नाही म्हणायला जागाच दिली नाही.

अर्जातले प्रश्न मी विचारायचे होते. विचारत होती ती.

"रविवारी तुमच्याकडे जेवायला कोण येतं?"

"कोणी नाही."

"तुम्ही कोणाकडे जाता?"

"कशाला जाऊ?"

"म्हणजे देवाच्या घरातून निघालं की सरळ डबाबंद सूप."

मी सूप पितो हे हिला कोणी सांगितलं? उठलो. दारात ती म्हणाली, "पाव चांगला आहे. तुम्ही भाजला नाहीत."

"नाही. बाईंनी भाजला."

"वाटलंच," असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीची बैठक. सुदानी मंडळींनी सदस्यत्व मागितलंय. चौतीस जण, त्यात सहा लहान मुलं. बाई खूश होत्या. लगेच पुढच्या रविवारी नावं वाचायची म्हणत होत्या.

मी या समितीचा अध्यक्ष आहे आणि चर्चची नोंदवहीही मीच लिहितो. म्हटलं, आनंद आहे, पण बाप्तिस्म्याचे दाखले कुठे आहेत? दुसऱ्या चर्चमधून येणारा माणूस कागद घेऊन येतो.

"त्यांच्या गावातलं चर्च लढाईत जळलं, आल्डन," बाई म्हणाल्या. "वही जळाली. शिवाय छावणीत झाडाखाली बाप्तिस्मे झालेत. कोण देणार दाखला? साक्षीदाराच्या शब्दावर नोंद करता येते."

"येते. करायलाच हवी असं नाही."

कॉर्नेलियाने ठराव मांडला: कागद नाही तर नाव नाही. तीन विरुद्ध दोन मतांनी पास झाला. तिसरं मत माझं. मोजणीच्या कामात एकच शिकलो, खुणेचा दगड नसेल तर हद्द नाही. यात कोणाशी वैर नाही.

बाई मला म्हणाल्या, "हे त्यांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. दारातच, उपासना सुरू व्हायच्या आधी. तबिथाने पूर्ण ऐकून घेतलं. वाटलं होतं आरडाओरडा करेल.

"कागद," ती म्हणाली.

"नियम आहे."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

तिने मान हलवली. आत जाऊन दुसऱ्या बाकावर बसली, सगळी उपासना केली, प्रभुभोजन घेतलं. जाताना हातातली पत्रिका नीट चार घड्या घालून माझ्या हातावर ठेवली. सासऱ्याचा हात धरून ती पायऱ्या उतरली. बाकीचे तिच्या मागे. एकाही माणसाने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाकडे न बघता जायचं म्हणजे मुद्दाम मान वळवावी लागते.

२४ नोव्हेंबर, रविवार

हजेरी सतरा. शांत. पूर्वीसारखं.

८ डिसेंबर, रविवार

हजेरी सोळा. नाताळाआधीच्या आगमनकाळाची दुसरी मेणबत्ती पेटवली. मतांगीकार म्हणताना मला माझा एकट्याचा आवाज ऐकू येत होता. इतक्या वर्षांत तो मी वेगळा ऐकला नव्हता. फार काही चांगला नाही.

बाईंकडून कळलं, ते लोक आता गिरणीच्या इमारतीत, कपडे धुवायच्या यंत्रांच्या खोलीत उपासना करतात. बाई दुपारी तिथे जाऊन प्रभुभोजन देतात. मी म्हटलं, यंत्रांच्या आवाजात? त्या म्हणाल्या, "रविवारी यंत्रं बंद ठेवतात. सत्तर जण असतात."

१० डिसेंबर, मंगळवार

दुपारी तीनला बेल वाजली. दारात तबिथा. अंगात निळा गणवेश, नदीकाठच्या नर्सिंग होमचा. तो रंग मी विसरलेलो नाही.

"आत घेताय की इथेच बोलू?"

आत घेतलं. चहा विचारला, नको म्हणाली. बसलीही नाही.

"तुम्ही मला ओळखत नाही," ती म्हणाली.

"ओळखतो. तबिथा मलुअल."

"ते चिकटपट्टीवर वाचलंत. चार महिने मी तुमच्या बायकोला आंघोळ घातली. तुम्ही खुर्चीत बसलेले असायचात. 'नर्स, पडदा ओढा. नर्स, पाणी आणा.' मी नर्स नाही, मदतनीस आहे. तेही कधी विचारलं नाहीत. तुमची कॉफी मी आणून द्यायचे. बिनदुधाची."

मी खुर्चीत बसलो.

"हेझलने पहिल्याच दिवशी विचारलं. माझं नाव, माझ्या आईचं नाव, बाप्तिस्मा कुठे झाला. तुम्ही नऊला यायचात. त्याआधी रोज आम्ही दोघी सकाळची प्रार्थना म्हणायचो, तिला शब्द आठवेनात तेव्हा मी पुढे म्हणायचे. ती म्हणाली, आमच्या चर्चमध्ये ये. दुसऱ्या बाकावर खिडकीशी बस, तिथे ऊन येतं. दारात एक माणूस असेल, तोंड वाकडं करेल, तरी ये. मी शब्द दिला. रविवारची पाळी सुटायला मला दीड वर्ष लागलं. मग आले. तोंड वाकडं होतं. तरी आले. दहा रविवार आले."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"का सांगू? हेझलची ओळख दाखवली म्हणून आत घेणार, नाहीतर नाही? मला बघायचं होतं, माझ्याकडे बघून तुम्हाला काही आठवतं का."

तिने कोटाची बटणं लावली. "तिला दिलेला शब्द पाळून झाला. तेवढंच सांगायला आले."

ती गेल्यावर मी दाराला कडी घातली. खोटं बोलत असेल, असं मनाला सांगून पाहिलं. पण 'तिथे ऊन येतं' हे हेझलचंच. लग्नाआधी मला त्या बाकावर बोलावताना ती हेच म्हणाली होती, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी त्या चार महिन्यांची डायरी काढली. मी हवामान लिहिलंय. डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलंय. गाडीच्या बॅटरीबद्दल अर्धं पान. 'नर्सने उशी बदलली.' 'नर्स म्हणाली, रात्री झोप लागली.' 'नर्स गात होती, हेझल हसली.' सत्तावीस वेळा नर्स. नाव एकदाही नाही.

तरीसुद्धा, बोलायची ती काय पद्धत झाली! माणसाच्या घरात येऊन, उभ्या उभ्या.

१८ डिसेंबर, बुधवार

समितीत मी ठराव मांडला: साक्षीवर नोंद करावी. कॉर्नेलियाने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुला झालंय काय, आल्डन? पाच आठवड्यांपूर्वी तूच हद्दीचे दगड सांगत होतास."

"मोजणी चुकली होती."

"तुझी मोजणी? कधी चुकली होती याआधी?"

"चूक सापडली नव्हती."

तीन विरुद्ध दोन, या वेळी उलट बाजूने. कॉर्नेलिया मला 'फितूर' म्हणाली. नंतर तिला गाडीने घरी सोडलं. उतरताना तिने गाडीचं दार आपटलं.

बाईंनी लगेच तबिथाला फोन केला. मी समोरच होतो, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "आम्ही रांगेत उभं राहायला तिकडे येणार नाही. नावं हवी असतील तर त्याला वही घेऊन इकडे यायला सांगा."

वही चर्चबाहेर न्यायची नाही असा नियम आहे. तो कधीचा आहे हे मी शोधलं. माझाच आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

वही प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, कोटाच्या आत छातीशी धरून नेली. बर्फ घोट्यापर्यंत. गिरणीच्या पायऱ्यांवर कोणीतरी मीठ टाकून ठेवलं होतं.

तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून बायका, जमिनीवर मुलं, खिडकीत याकोबो. मला टेबलाशी बसवलं.

"शाई सांडू नका. टेबल नवीन आहे," तबिथा म्हणाली.

मी तिच्याकडे बघून म्हटलं, "आधी मला माफी मागायची आहे."

"माफी रविवारी सगळ्यांबरोबर मागतो ना आपण? आत्ता लिहा."

लिहायला लागलो. याकोबो आंधळ्या डोळ्यांनी छताकडे बघत एकेक सांगत गेला: कोण, कोणाचा, कुठल्या साली, कोणत्या पाद्र्याच्या हातून, कोणी बाळाला धरलं होतं, नदीला पाणी किती होतं. चौतीस जणांत तो एकदाही अडखळला नाही. दोन ठिकाणी एका बाईने 'तो पाद्री नव्हे' म्हणून त्याला अडवलं, तेव्हा तिच्याच आईला बोलावलं आणि म्हातारा बरोबर निघाला. मी आयुष्यभर नोंदी तपासत आलोय. इतकी पक्की वही मी पाहिली नाही.

"मलुअलमध्ये अ राहिला," तबिथा माझ्या खांद्यावरून म्हणाली. "डोळे तपासा की एकदा."

"तुम्ही प्रकाश अडवताय."

"मी अडवतेय! बरं."

चौतीस झाल्यावर ती म्हणाली, "आता आमच्या सासूबाईंचं. गेल्या हिवाळ्यात इथेच गेल्या. दफन इथल्या मातीत झालंय, मग नाव इथल्या वहीत पाहिजे."

दफनाच्या नोंदी मागच्या बाजूला असतात. ती पानं मला उघडायची नव्हती. म्हटलं, ते नंतर बघू. तिने हात पुढे करून स्वतःच उघडली. शेवटची नोंद एका शेतकऱ्याची, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली. त्याखाली कोरं.

ती कोऱ्या जागेकडे बघत राहिली. "हेझल कुठे आहे?"

"राहून गेलं."

"दीड वर्षाच्या वर झालं."

"तेव्हा आम्हाला पाद्री नव्हता. वही मी लिहितो. दुसरं कोणी नव्हतं लिहायला."

मला वाटलं, आता ही कागदावरून टोमणा मारणार. मारला असता तर बरं झालं असतं. तिने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली.

"लिहा," ती म्हणाली. "हेझल प्राउटी. एकवीस मार्च, मंगळवार. सकाळी सहा वाजून चाळीस."

"सात. मला फोन सातला आला."

"फोन सातला केला. ती सहा चाळीसला गेली. मी होते तिथे. वीस मिनिटं तिचे केस विंचरत होते. तुम्ही याल तेव्हा विस्कटलेले दिसू नयेत म्हणून."

मी लिहिलं. 'मंगळवार'मधला म पुसट आलाय. दफनाच्या नोंदीत साक्षीदाराचा रकाना नसतो. मी समासात लिहिलं: साक्ष, तबिथा मलुअल. तिने वाचून पाहिलं, अ आहे का ते बघितलं, आणि सासूबाईंचं नाव सांगायला सुरुवात केली.

नंतर भेंडीचं कालवण होतं. खाल्लं.

२६ जानेवारी, रविवार

वार्षिक सभा. उपासनेला हजेरी एक्काहत्तर, मतदानाचा हक्क असलेले बेचाळीस. बिशपांनी कळवलंय की सेंट हिल्डाचं दार उघडं राहील. टाळ्या झाल्या, ढोलकंही वाजलं. कॉर्नेलियाने कानांवर हात ठेवले, पण या वेळी उठून गेली नाही.

मग समितीच्या अध्यक्षाची निवडणूक. बावीस वर्षांत माझ्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं. आज तबिथा मलुअल उभी राहिली. चिठ्ठ्या फीबीबाईंनी मोजल्या. तिला एकोणतीस, मला तेरा. माझ्याच अक्षरात वहीत चढलेल्या नावांनी मला पाडलं.

कॉफीच्या वेळी ती कप घेऊन समोर आली. बिनदुधाची, दोन चमचे साखर. मी घेतली.

"मी तुमच्याविरुद्ध मत दिलं," ती म्हणाली.

"स्वतःलाच दिलंत म्हणा ना."

"मग काय तुम्हाला देऊ? तुम्ही कोणाला दिलंत?"

"मतदान गुप्त असतं."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात कोणीतरी उपासनेची पुस्तकं उलटी रचून ठेवलेली तिला दिसली आणि ती तिकडे ओरडत गेली.

कॉर्नेलिया भयंकर चिडलीय. जुने आम्ही चौदा जण सभेला होतो, आम्हा दोघांना धरून, आणि बाकीच्या बारा जणांकडून तिने मला मत द्यायचा शब्द आधीच घेतला होता. नवे मतदार अठ्ठावीस. मग माझी मतं चौदा हवी होती, एक गेलं कुठे? दुपारपासून ती एकेकाला फोन करून विचारतेय.

मला अजून केलेला नाही.